मथुराबाईंचा सकाळचा नमुना

१

बिलकिसनं काचपट्टी हळूच सरकवली, सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लावला आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "या अल्ला, परत?"

काचेखाली जंतूंची नुसती जत्रा भरली होती. काही काडीसारखे, काही टिकलीसारखे, काही माळ ओवल्यासारखे एकमेकांना धरून. शेजारी इन्क्युबेटरमधून काढलेली, जंतू वाढवायचा लाल थर असलेली काचेची थाळी होती. आदल्या दिवशीच्या नमुन्याचा एक थेंब तिच्यावर फिरवला होता आणि आज थाळीभर ठिपके उगवले होते. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाव एकच, मथुराबाई, विश्रांतवाडी. तिसऱ्यांदा.

ते पुणं अजून सायकलींचं होतं. डॉ. बिलकिस अत्तारची लॅब भवानी पेठेत, एका जुन्या आडतीच्या माडीवर होती. गुळाचा बाजार उठून गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला त्याला बरीच वर्षं लोटली होती, पण भिंतींनी वास काही सोडला नव्हता. लोक नमुने आणत ते औषधाच्या, मधाच्या, कधी तिच्याच अब्बांच्या दुकानातल्या अत्तराच्या बाटलीतून. बिलकिस ते हसून परत करी आणि स्वतः उकळलेली बाटली हातात देई. मथुराबाईंनाही तिनं अशीच दिली होती, रुंद तोंडाची, बुचावर कागद बांधलेली.

फोन खणखणला. सर्जन आगाशे.

"बोला बाई. आज काय निघालं? की अजून फुललेलेच आहेत तुमचे ताटवे?"

"जंतू आहेत, सर."

"वा! म्हणजे हाही सोमवार गेला."

मथुराबाईंचा मुलगा जयसिंग, ऐन पंचविशीतला. त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. यंत्रावर रक्त धुऊन धुऊन हाताच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या आणि आता त्याही साथ देईनात. आई आपली एक किडनी द्यायला तयार होती. रक्त जुळलं होतं, सगळं जुळलं होतं. पण देणाऱ्याच्या लघवीत जंतू असताना कुठला सर्जन सुरीला हात लावील? तोच जंतू पोराच्या अंगात जायचा. दोन तारखा अशा हुकल्या होत्या.

"सर, मागच्या आठवड्यात त्यांना इथं बोलावून नमुना घेतला होता. तो स्वच्छ होता."

"एकदा स्वच्छ निघाला म्हणून मी पोट उघडू? रात्रभर मुरलेला सकाळचा पहिला नमुना पाहिजे मला. शनिवारी दुपारपर्यंत स्वच्छ दाखवा, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला. आणि हे पोरगं पुढच्या तारखेपर्यंत थांबेल, असं मला वाटत नाही."

फोन ठेवला गेला.

बिलकिसनं पुन्हा डोळा लावला, आणि या वेळी जे होतं ते सोडून जे नव्हतं ते शोधू लागली. काचपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग दुसरी केली, तीही पाहिली.

पस सेल्स नव्हते. औषधालासुद्धा नाही.

शरीरात जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात, मरतात, लघवीतून बाहेर पडतात. त्याच पस सेल्स. जोंधळ्याच्या रानात पाखरांचा एवढा थवा उतरला होता, आणि माळ्यावरच्या राखणदारानं एकदाही गोफण फिरवली नव्हती. एखाद्या बाईच्या बाबतीत असंही होतं, हे बिलकिसला ठाऊक होतं. पण तेव्हा जंतू बहुधा एका जातीचे असतात. इथं तर अठरापगड जमले होते.

हे जंतू मथुराबाईंच्या पोटातले नव्हतेच. बाटलीत ते नंतर आले होते. की कुणी आणले होते?

२

पहिला संशयित घरातलाच होता. लॅबच्या बाटल्या धुऊन वाफेच्या कुकरमध्ये उकळायचं काम रहीमचाचांचं.

"चाचा, बाटल्या नीट उकळतात ना?"

रहीमचाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बेटी, तुझ्या अब्बांच्या अत्तराच्या शिश्या मी धूत होतो तेव्हा तू रांगत होतीस. गुलाबाच्या शिशीत कधी खसाचा वास आला?"

"नाही आला."

"मग जंतू कुठून येतील? ते काय वासापेक्षा बारीक आहेत?"

"आहेत चाचा, फारच बारीक."

चाचा फुरंगटले. पण बिलकिसनं त्यांच्या हातची रिकामी बाटली घेऊन, तीत उकळून गार केलेलं पाणी घालून थाळीवर फिरवलं. दुसऱ्या दिवशी थाळी कोरी करकरीत निघाली. चाचा निर्दोष ठरले, आणि ते कळल्यावर दुपारपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी मथुराबाईंचा धाकटा मुलगा संभाजी नवी बाटली घेऊन आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पिशवीत उभी धरलेली.

"भरल्याबरूबर निघालोय, डाक्टरीनबाई. फाटा वलांडल्यापास्नं लूना थांबवली न्हाई. सोमवार हुकनार न्हाई न्हवं?"

"बघू."

त्या दिवशी लघवीतलं प्रथिन तपासायच्या अल्ब्युमिनच्या पट्ट्या नेमक्या संपल्या होत्या. परदेशी माल, संपला की महिनाभर वाट बघायची. म्हणून बिलकिसनं ते जुन्या पद्धतीनं करायचं ठरवलं. परीक्षानळीत नमुना घ्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा, मग पातळ अॅसिटिक आम्लाचे, म्हणजे साध्या व्हिनेगरच्याच भावंडाचे, दोन थेंब टाकायचे. कॉलेजात ती हे डोळे मिटून करायची. निळ्या ज्योतीवर नळी धरताना तिला त्या दिवसांची, मैत्रिणींच्या खिदळण्याची आठवण आली.

नळीत पांढरट ढग जमला. तिनं आम्लाचे थेंब टाकले.

नळी फसफसली. सोडावॉटरची बाटली फोडावी तशी बुडबुड्यांची रांग सरसर वर आली.

शिळ्या, नासलेल्या लघवीत असं कधी होतं, पण ही तर सकाळचीच होती. तिनं घाईनं काचपट्टी केली. जंतूंच्या गर्दीत, कोपऱ्याकोपऱ्यातून बारीक स्फटिक चमकत होते. डंबेलसारखे, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना गोल. असे ढीगभर स्फटिक तिनं माणसाच्या नमुन्यात कधीच पाहिले नव्हते. पुस्तकात पाहिले होते, आणि त्या चित्राखाली जे लिहिलं होतं ते आठवून तिनं दिवा विझवला.

"चाचा, मी विश्रांतवाडीला जाऊन येते."

३

त्या वेळची विश्रांतवाडी! आज तिथं उड्डाणपूल आणि सिग्नल आहेत. तेव्हा आळंदी रस्ता दोन्हीकडच्या झाडांनी झाकलेला असे. बस थांबली की धुरळा खाली बसेपर्यंत खालचं दिसायचं नाही, आणि बसला की दिसायचे ते मक्याचे, घासाचे हिरवे वाफे, विहिरीवरची मोट जाऊन आलेली इंजिनं, आणि भिंतींवर थापलेल्या गोवऱ्यांची नक्षी. गेनबाचं, म्हणजे मथुराबाईंच्या नवऱ्याचं, घर मळ्यातच होतं. चार खोल्या, पुढं अंगण, बाजूला गोठा. गेनबा दूधवाला. कॅम्पात त्याचं नाव होतं. त्याच्या कॅनमध्ये दुधातलं पाणी ओळखणारा लॅक्टोमीटर कधीही बुडवा, आकडा खाली यायचा नाही.

दारात जयसिंगची बायको शालू होती. बिलकिसनं तिला बाजूला घेतलं.

"बाटलीचं बूच कोण काढतं, शालू?"

"मीच. आन् मी आनखी एकदा उकळती, बाई. तुमी उकळून देताय, पर माझ्या जिवाला पटत न्हाई." तिचे डोळे भरून आले. "त्ये काल म्हनाले, शालू, माझ्या पायातलं पानी आता गुडघ्यापत्तुर आलं. सोमवारी व्हईल न्हवं?"

शालू बाटली उकळायची, मथुराबाई भरून आणायच्या, आणि गोठ्याच्या दाराशी कोनाड्यात ठेवायच्या, कारण ती जागा गार. तिथून संभाजी उचलायचा.

संभाजी अंगणातच लूना पुसत होता. त्याच्याकडे बघून बिलकिसच्या मनात नको तो विचार आलाच. रस्त्याकडेला खांब पुरून कुणी बिल्डर जमिनी बघून गेला होता. जयसिंग गेला तर मळ्याला वारस एकच.

"बाटली कुठं थांबवतोस का रे? चहाला?"

संभाजीनं फडकं आपटलं. "तुमाला वाटतंय त्ये मला कळतंय, डाक्टरीनबाई. गावालाबी त्येच वाटतंय. दादा मेला की म्या बिल्डिंग बांधनार, म्हनत्यात." त्यानं फडकं परत उचललं. "लहानपनी हिरीत पडलो तवा दादानं उडी टाकली हुती. त्यो न्हाई तर ह्यो मळा काय चाटायचाय का?"

आत मथुराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. गोरा, चौकोनी चेहरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. स्वतःशीच गुणगुणत होत्या. बिलकिस उंबऱ्यात थबकली. तिच्या आळीतल्या बायका दळताना अशाच गायच्या. तिची अम्मी त्यांच्याकडून ओव्या शिकली होती.

दोन डोळे माझे बाई, कोन डावा, कोन उजा
एक कुंकवाचा धनी, एक कुशीतला राजा

"या बाई, बसा. पोरी, च्या टाक गं!" मथुराबाईंनी सूप बाजूला सारलं. "आलं का माझं काय वंगाळ?"

"काही दुखतं का हो? जळजळ, ताप, सारखं जावं लागतं?"

"छ्या! घोडीवानी हाय मी."

"आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या?"

मथुराबाईंनी दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "खरं सांगू? न्हाई घेतल्या. संभ्या आन् शालू रोज मागं लागत्यात, घ्या म्हनून. पर मालक म्हनले, नगं घेऊस, उगा पोटात आग पडंल. लई जीव हाय वो त्येंचा. साधा काटा टोचला मला तर रातभर..." त्या लाजून हसल्या. "म्हातारपनी काय त्ये."

बिलकिसनं चहाचा घोट घेतला. गोठ्यातून बादलीचा आवाज आला. गेनबा गाईला आंबोण घालत होता. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा. ती तिथं गेली.

"राम राम, डाक्टरीनबाई." त्यानं मान खालीच ठेवली. "हिला जंतू निगालं म्हनं परत. मंग आता विंजेक्शनं टोचनार का काय हिला?"

"लागतील कदाचित. मोठी, दिवसातून दोनदा."

बादली त्याच्या हातातून सुटली. आंबोण शेणात सांडलं. गाय दचकून मागं सरली.

शालूनं आणि संभाजीनं एकच विचारलं होतं, सोमवार हुकणार नाही ना? यानं नेमकं तेच विचारलं नव्हतं.

४

"गेनबा, मला एक काम करून द्या. तुमच्या गाईचा नमुना पाहिजे. थोडासाच."

म्हाताऱ्यानं तांब्या घेतला. गाईच्या पाठीवरून हात फिरवून, शेपटीखाली दोन बोटं हलकेच चोळली, तशी गाईनं मूत दिलं. सगळ्या सणावारांना याच तांब्यातून घरभर शिंपडत असतील, बिलकिसच्या मनात आलं.

तिनं पिशवीतून परीक्षानळी आणि आम्लाची लहान बाटली काढली. दोन थेंब टाकले. नळी फसफसली, अगदी तशीच.

"हे बघा. गवत खाणाऱ्या जनावराच्या मुतात हे असं होतं. तुमच्या मथुराबाई गवत खात नाहीत."

गेनबा गोठ्याच्या मेढीला टेकला.

बिलकिस शांतपणे बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. "जंतू होते, पण पस सेल्स नव्हते. म्हणजे जंतू बाहेरून आले. जंतू एका जातीचे नव्हते, म्हणजे ते आजाराचे नव्हते, जमिनीवरचे, गोठ्यातले होते. बाटली माझ्याकडे स्वच्छ होती, शालूकडे दुप्पट स्वच्छ. संभाजीच्या रस्त्यात गाय नाही. राहिला हा कोनाडा. पण कोनाड्यापाशी तर घरातलं कुणीही येतं. मग कोण?"

"संभ्या न्हाई," गेनबा पटकन म्हणाला.

"नाही. शालू आणि संभाजी, दोघंही त्यांना गोळ्या घ्या म्हणून विनवत होते. त्यांना आजार खरा वाटत होता. ज्याचा बायकोवर एवढा जीव, की काटा टोचला तरी झोप नाही, तो आजारी बायकोला औषध घेऊ नको कसं म्हणेल? एकाच कारणानं. ती आजारी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे."

गाईनं मान हलवली. गळ्यातली घंटा वाजली.

"दुधात पान्याचा थेंब घातला न्हाई कवा," गेनबा शेवटी म्हणाला. "आन् हे केलं. त्या मोठ्या डाक्टरानं सांगितलं, लघवीत जंतू आसलं तर कापनार न्हाई. मंग पहाटं बाटली बघितली, आन् हातच गेला. दुसरं कायतरी वंगाळ घालवंना तिच्यात. म्हनलं, लबाडी करायचीच, तर गोमातेच्या पवित्र वस्तूनं करावी."

"जयसिंग तुमचा मुलगा आहे, गेनबा."

"न्हाई व्हय? पयल्यांदा म्याच म्हनलं, माझी घ्या. दोन्ही घ्या. तर माझं रगत जुळंना." तो खाली बसला, शेणात, आंबोणात, कशाचीही पर्वा न करता. "माझी थोरली भन. पोटाचं आपरेशन म्हनून ससूनला गेली, त्ये परत आली न्हाई. मी दाराशी बसलो हुतो. आता सोमवारी दोघास्नी येकदम न्हेनार. डाक्टर म्हनला, शेजारशेजारच्या खोल्या. ह्या खोलीत ती, त्या खोलीत त्यो. डाक्टरीनबाई, मी कोनच्या दाराशी बसायचं, सांगा मला! म्हनलं, चार दिस ढकलू. कुठनं तरी दुसरी किडनी मिळंल, देव कायतरी काढंल."

"देव काही काढत नाही तोवर तिकडं पाणी गुडघ्याच्या वर येतं."

हे कठोर होतं. पण बिलकिसनं ते मागं घेतलं नाही. गेनबानं तोंडावर धोतराचा सोगा घेतला.

"मी सांगणार नाही कुणाला," ती उठत म्हणाली. "पण मथुराबाईंना तुम्हीच सांगा. अंग त्यांचं आहे."

"काय सांगायचंय मला?"

दोघांनी मागं वळून पाहिलं. मथुराबाई हातात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. चहावर साय धरली होती.

५

गेनबानं सांगितलं, सगळं, अडखळत, गाईकडे बघत. संपल्यावर मथुराबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हंजी येवढं दिस माझं अंग नासलं म्हनून मी देवापुढं नाक घासत हुती, आन् त्ये तुमचं काम हुतं?"

"मथुरे..."

"भ्या वाटतंय, तर वाटतंय म्हनायचं! बाप्याच्या जातीला येवढं बोलता येत न्हाई? मला काय वाटत न्हाई व्हय? रातभर पंख्याचं फेरं मोजीत पडती मी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आवो, दोघं रातभर जागं, आन् दोघं झोपल्याचं सोंग करून पडलेलं. काय म्हनायचं ह्याला!"

बिलकिस पायरीवरून उतरली तेव्हा मागून आवाज आला, आधीपेक्षा बराच मऊ. "आन् उद्याची बाटली संभ्या न्हाई न्हेनार. तुमीच न्ह्यायची. सायकलीवरनं."

शुक्रवारी गेनबा ती घेऊन आला. शनिवारी सकाळी बिलकिसनं थाळी इन्क्युबेटरमधून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. लाल, गुळगुळीत, कोरी. पाखरू नाही, आणि राखणदाराला उठायचं कारणही नाही. तिनं आगाशेंना फोन लावला.

"जंतू नाहीत, सर. पस सेल्स नाहीत."

"मग आधीचे कुठले होते, ते सांगाल की ते तुमचं घराण्याचं गुपित?"

"गोठ्यातलं पडत होतं नमुन्यात. आता पडणार नाही."

"कुणाच्या हातून?"

"रिपोर्टात त्याला रकाना नाही, सर."

आगाशे खाकरले. "ठीक. सोमवारी आठला."

सोमवारी बिलकिसनं दिवसभर काम केलं असं म्हणायचं. रहीमचाचांनी दोनदा चहा आणला, दोन्ही गार झाले. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. खिडकीतून त्याची गच्ची दिसे. त्या काळी दवाखान्यातला नमुना बाहेरच्या लॅबमध्ये पोचवायचं काम पेशंटच्याच माणसाचं असे, म्हणून जिन्यावर जरा पाय वाजला की तिचं लक्ष दाराकडे जाई.

ऊन कलल्यावर जिन्यात जड पावलं वाजली. गेनबा. डोक्याचा पटका सुटलेला, दोन्ही हातांच्या ओंजळीत बाटली धरलेली.

"मथुराबाई?" तिनं आधी तेच विचारलं.

"शुद्धीवर आली. पानी मागत हुती. शिश्टरनं फकस्त व्हट वले केलं, तर तिच्यावर खेकसली." तो धापा टाकत होता. "त्याच्या दाराशी शालू बसली, बाई, आन् हिच्या दाराशी मी. हिनंच वाटनी करून दिली हुती सकाळी."

"आणि जयसिंग?"

गेनबानं ओंजळ पुढं केली. बाटलीत तळाला थोडीशी लघवी होती. गुलाबीसर, रक्ताची छटा असलेली, ताजी. कितीतरी दिवसांत त्या पोराच्या अंगातून थेंब उतरला नव्हता.

"जोडल्याबरूबर चालू झाली म्हनं. मोठा डाक्टर सोता भाईर आला, आन् हसला. हे तपासायला सांगितलंय, जंतूबिंतू हायत का बघा म्हनला." त्यानं बाटलीकडे पाहिलं. "पर मला येक सांगा. हे लिवताना नाव कुनाचं लिवायचं? त्याचं का तिचं?"

"कागदावर त्याचं," बिलकिस म्हणाली. तिनं हात पुढं केला. "द्या."

गेनबानं बाटली दिली नाही. छातीशी धरली.

"वाईच थांबा, डाक्टरीनबाई. बाटली ऊन हाय अजून."